डोळे उघडणे, रंग करडा

माझ्या वडिलांनी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या कितीतरी मेलेल्या माणसांचे डोळे उघडले. यात अतिशयोक्ती नाही, तो त्यांचा धंदाच होता. आमचा बारामतीत फोटो स्टुडिओ. त्या काळी खेड्यातलं माणूस जन्मभर कॅमेऱ्यासमोर यायचं नाही, आणि ते गेल्यावर घरच्यांना आठवायचं की भिंतीवर लावायला एकही फोटो नाही. मग कुणीतरी सायकल मारत दुकानात यायचं आणि वडील कॅमेरा घेऊन त्याच्याबरोबर जायचे. तिथं मढं भिंतीला टेकवून बसवलेलं असायचं, हनुवटीला फडकं बांधलेलं, नाकात कापूस. वडील फोटो काढायचे, मोठी प्रिंट करायचे आणि ब्रश घेऊन बसायचे. फडकं जायचं, कापूस जायचा, डोक्यावर फेटा यायचा, अंगात कोट यायचा आणि सगळ्यात शेवटी डोळे उघडायचे. तेराव्याला फोटो घरी पोचला की बाया रडता रडता म्हणायच्या, "आगदी जित्तं बसल्यात."

प्रिंटच्या पाठीवर वडील पेन्सिलीनं कामाचं टिपण करून ठेवायचे. 'डोळे उघडणे. फेटा पांढरा. कोट काळा. मागची उशी काढणे.' मीही ते काम शिकलो. फेटा, कोट, कॉलर मला चांगलं जमायचं. डोळे मात्र वडील दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. "डोळा कुणालाही उघडता येतो," ते म्हणायचे, "त्याला बघायला लावणं अवघड." खरं सांगायचं तर ते त्यांनाही पुरतं कधी जमलं नाही. उघडलेला डोळा तुमच्याकडं बघत नाही, तुमच्या मागं कुणीतरी उभं असल्यासारखं बघतो. या भागात कुणाच्याही घरी गेलो की माझी नजर आधी भिंतीवर जाते, आणि पाण्याचा तांब्या येईपर्यंत मला कळलेलं असतं की हारातल्या मंडळींपैकी कोण जिवंतपणी बसलं होतं आणि कोणाला बसवलं होतं. ही काही चांगली सवय नाही. पुढ्यात आलेलं जेवण जात नाही.

तरुणपणी मी पुण्यात राहून रशियन शिकलो. का, याचं धड उत्तर माझ्याकडं नाही. दुकानासाठी जुन्यात एक रशियन कॅमेरा घेतला होता, त्याच्याबरोबरचं पुस्तक त्याच भाषेत होतं, आणि घरात न वाचता येणारा कागद असला की मला चैन पडत नाही. वडील म्हणाले, "इंग्रजी केलं असतंस तर कुठंतरी चिकटला असतास." त्यांचं बरोबर होतं. पुढं कित्येक वर्षं त्या भाषेचा मला काडीचा उपयोग झाला नाही. मग इंटरनेट आलं. सोव्हिएत काळातले फोटो जमवणारे शौकीन जगभर आहेत. त्यांना फोटो मिळतो, पण पाठीवरचं अक्षर लागत नाही, आणि घाईत लिहिलेल्या रशियन हस्ताक्षरापुढं मोबाइलही हात टेकतो. असले लोक मला फोटोच्या दोन्ही बाजू पाठवतात. एकीकडं पासपोर्ट फोटोसाठी गिऱ्हाइकाला मान सरळ करायला सांगायची आणि दुसरीकडं कुठल्यातरी परक्या घरातली ओळ वाचायची, असं माझं चाललेलं असतं. 'बहिणीस, आठवण म्हणून.' 'आम्ही तिघी, समुद्रावर.' 'डावीकडचा आता नाही.' उघड्या पेटीत मढं ठेवून, सगळं घर भोवती उभं राहून काढलेले फोटोही पुष्कळ येतात. त्यांत मेलेल्याचे डोळे मिटलेलेच असतात. हे लोक आपल्यापेक्षा प्रामाणिक, असं मला वाटायचं.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी दोघी जणी दुकानात आल्या. एक चाळिशीची, लोणी देवकरला कंपनीत कामाला जाणारी, त्या दिवशी तिची सुट्टी होती. दुसरी तिची सासू, ऐंशीच्या घरातली, सुनेचा दंड धरून पायरी चढणारी. दोघी कळंबच्या. सुनेनं टॉवेलात गुंडाळलेला फोटो काउंटरवर ठेवला. चौकटीला वाळवी लागून मागचा पुठ्ठा सुटून टॉवेलातच पडला होता आणि आत लिहिलेलं दिसत होतं.

"काका, तुमी रशियन वाचता म्हनं," सून म्हणाली. "आत्याबाईंनी जीव खाल्लाय माजा. हे तेवडं वाचून द्या."

"येवडं समदं नगं वाचू," म्हातारी म्हणाली. "पोरगं हाय का गेलं, तेवडंच सांग. ह्येला हार घालायचा का न्हाय, मला ठरवायचंय."

मला काहीच कळेना. तेव्हा तिनं बाकावर बसून सगळं सांगितलं. तिचं घर मेंढरांवर जगणारं. नवरा मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर असायचा. तरुणपणी तालुक्यातल्या एका कारखान्यात परदेशातून यंत्रं आली, ती बसवायला एक रशियन इंजिनिअर आला, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको आणि चार वर्षांचा मुलगा. बंगल्यावर मूल सांभाळायला ही कामाला लागली. दीड वर्षं ते मूल हिच्या कडेवर वाढलं, हिच्यासारखंच बोलायला लागलं. आईबापाला मराठी यायची नाही आणि मुलगा त्यांच्यासमोर हिच्याशी हिच्याच बोलीत बोलायचा. मग कुटुंब परत गेलं. वर्षभरानं कारखान्याच्या ऑफिसात हिच्या नावानं एक पाकीट आलं आणि त्यात हा फोटो निघाला. तिथला कारकून म्हणाला, बघ, तुझं पोरगं कसं रुबाबात बसलंय. तिनं तो बारामतीला आणून काचेत बसवून घेतला आणि घरात लावला.

"त्याच्या मागनं येक अक्षर न्हाय आलं," ती म्हणाली. "आता पन्नाशीला आलं आसंल. कवा ना कवा येईल म्हनून हार घालू दिला न्हाय मी. जित्त्या मानसाला कुनी हार घालतं का? पर ही म्हनती घाला, ल्योक म्हनतो घाला. माजं डोळं चाललं, डाक्टर म्हनला आता माघारी येत न्हाईत. आलाच उद्या, तर मला दिसायचा न्हाय. म्हनून म्हनलं, आदी कळू दे."

तिला काचबिंदू होता. मी फोटो टॉवेलातून काढून उजेडात धरला.

पाचेक वर्षांचा मुलगा खुर्चीत बसलेला. भांग पाडलेला, पांढरी कॉलर, हात गुडघ्यांवर. बाकी सगळा फोटो उडून फिक्कट चहाच्या रंगाचा झाला होता. गाल, कान, खुर्चीचा पाय, सगळं विरत चाललं होतं. डोळे मात्र कालच केल्यासारखे ठसठशीत होते, आणि ते माझ्या खांद्यावरून मागं बघत होते. मी खरोखरच वळून पाहिलं. मागं भिंतीवर पासपोर्ट फोटोंचे नमुने होते, दुसरं काही नव्हतं.

"सालोसाल डोळं मोठं व्हत चाल्ल्यात त्येचं," म्हातारी म्हणाली. "आदी आक्खं पोरगं दिसायचं. आता निस्तं डोळं दिसत्यात."

प्रिंट उडते आणि वरून लावलेला रंग तसाच राहतो, म्हणून तसं दिसतं. हे मला माहीत होतं, पण तिला सांगायला गेलो असतो तर रंग कशाला लावला तेही सांगावं लागलं असतं. "मावशी, इतक्या वर्षांत कुणाला या डोळ्यांचं काही वाटलं नाही?" एवढंच मी विचारलं.

"समदी म्हनायची, गोऱ्यांचं डोळं तसंच आस्त्यात."

मी फोटो उलटा केला. वर स्टुडिओचा जांभळा शिक्का, त्याच्याखाली निळ्या शाईतल्या आठ-दहा ओळी, अर्ध्याअधिक ओलीनं पसरलेल्या. आणि कडेला, उभ्या बाजूनं, बारीक पेन्सिलीत तीन रशियन वाक्यं. ती मला एका नजरेत वाचता आली. 'डोळे उघडणे, रंग करडा. उशी काढणे. खुर्चीवर बसवणे.'

वडिलांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. तेच टिपण, त्याच क्रमानं, हजारो मैलांवर दुसऱ्याच कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "अक्षर फार किचकट आहे. ठेवून जा. आठ-दहा दिवस लागतील." म्हातारी खूश झाली. सुनेनं मात्र माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

फोटो मी घरी नेला आणि खोलीतल्या टेबलावर ठेवला. दुसऱ्याच दिवशी बायको म्हणाली, "त्या पोराला पालथं ठेवा. मी केर काढायला वाकले की ते दाराकडं बघतं, मला सारखं वाटतं कुणी आलंय." पालथं ठेवलं तर अक्षर वर येई. म्हणजे फोटो सुलटा असला तर मुलगा बघायचा आणि पालथा असला तर त्याच्या आईचं अक्षर. त्या दिवसांत माझी भूक पार गेली होती. घाबरलो होतो, असंच म्हणायला हवं. एवढी मढी पाहिलेला माणूस एका लहान मुलाच्या फोटोला घाबरत होता.

शाईतलं अक्षर आईचं होतं. जेवढं लागलं ते असं होतं. 'तीन दिवस ताप उतरला नाही. तीन दिवस तो हेच म्हणत होता.' मग डाग. डागाच्या खाली मोठ्या, सुट्या अक्षरांची एक लांबलचक ओळ, मध्ये कुठंही जागा न सोडलेली. पुन्हा डाग. मग 'याचा अर्थ काय? देवाखातर कळवा.' आणि तळाशी पत्ता, वोल्गेच्या काठच्या एका शहराचा.

ती लांब ओळ रशियन नव्हती. लिपी तीच, भाषा वेगळी. सोव्हिएत देशात कितीतरी भाषा त्याच लिपीत लिहीत, त्यामुळं मला त्याचं नवल वाटलं नाही. वोल्गेच्या काठी तातार आहेत, चुवाश आहेत, मुलाची आजी त्यांच्यातली असेल, तापात मूल आजीच्या भाषेत बोललं असेल, असा तर्क मी लढवला आणि स्वतःवर खूश झालो. तातार शब्दकोश पाहिला, चुवाश पाहिला, काल्मिक पाहिला. फोटोंच्या धंद्यातल्या दोन जाणकारांना ती ओळ पाठवली, तेही गप्प. मी ती ओळ डोळ्यांनी शंभर वेळा वाचली असेल. तोंडानं एकदाही वाचली नाही. अक्षर लावणाऱ्यांची ही खोड असते.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी वाळवीनं खाल्लेला पुठ्ठा फेकायला उचलला. त्याच्या बाहेरच्या बाजूला एक चिठ्ठी डकवलेली होती. आमच्या दुकानाची. तिच्यावर वडिलांचं अक्षर होतं, 'कळंब, एक काच, एक चौकट.'

म्हणजे हा फोटो वडिलांच्या हातून गेला होता. डोळे उघडण्यात हयात घालवलेल्या माणसाला ते डोळे ओळखू आले नसतील, हे शक्य नाही. मागची पेन्सिल त्यांना वाचता आली नसेल, पण पेन्सिलीची ती जागा ते ओळखत होते. मी तेव्हा पुण्यात नेमकी हीच भाषा शिकत होतो. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर मी रविवारी येऊन वाचून दिलं असतं. त्यांनी पुठ्ठा लावला, खिळे ठोकले आणि मला कधी अवाक्षर सांगितलं नाही. मला त्यांचा राग आला. मेलेल्या बापावर रागावून काही उपयोग नसतो, तरी आला.

शेवटी एका सकाळी मी फोटो पिशवीत घातला आणि कळंबची एसटी धरली. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये कालव्याचं पाणी, आणि मी मनात वाक्यं जुळवतोय. 'मावशी, तो गेला, त्याच वर्षी गेला.' 'मावशी, हार घाला.' कसंही म्हटलं तरी ते वाईटच लागत होतं.

घर दोन खणांचं. सुनेनं मला बाहेरच्या खोलीत, मधल्या दाराशी बसवलं. आत म्हातारी सुपात तुरीची डाळ घेऊन बोटांनी चाचपून खडे काढत होती. वाऱ्यानं धूळ आत जात होती म्हणून सुनेनं मधलं दार ओढून घेतलं आणि ती दूध आणायला शेजारी गेली. दाराआडून डाळीचा आवाज येत राहिला. मी फोटो काढून मांडीवर पालथा घेतला. म्हटलं, ती ओळ हिला वाचून दाखवावी, भाषा कळली नाही तरी मुलाचं शेवटचं बोलणं आहे. कसं वाचायचं हे बघावं म्हणून मी अक्षर अक्षर लावत ती मोठ्यानं वाचली. मग जरा वेगानं पुन्हा वाचली.

"दार उगड. मी खितं खाय."

माझ्याच तोंडून मराठी बाहेर पडली होती, पण आवाज मला माझा वाटला नाही. आत डाळीचा आवाज थांबला.

"आले रं," म्हातारी म्हणाली. "आले, आले."

दार उघडलं. ती उंबऱ्यात उभी होती, पण माझ्याकडं बघत नव्हती. ती वाकली आणि तिनं दाराच्या मागं हात घातला, तीन फुटांच्या उंचीवर, आणि हवेत चाचपू लागली. "कुटं हायस? कुटं लपलास?" चाचपत चाचपत तिचा हात माझ्या गुडघ्यावर आला. तिथं तो थांबला. मग वर सरकत माझ्या कोपरापर्यंत आला, आणि हा मोठा माणूस आहे हे तिला कळलं.

"तू हाईस व्हय," ती म्हणाली आणि उंबऱ्यावरच खाली बसली.

"मावशी, तुम्हाला कळलं मी काय म्हणालो?"

"त्येला ह म्हनता यायचा न्हाय. हितं म्हनायला गेला की खितं निगायचं. तू आगदी तस्संच म्हनलास. लपाछपी खेळायचो आमी. बंगल्यात कपाट हुतं, त्यात जाऊन बसायचा आन दार लावून घ्यायचा. आतनं उघडायचं न्हाय ते. मंग हाळी द्यायचा, दार उगड, मी हितं हाय. म्या मुद्दाम उशीर करायची. हितं बग, तितं बग. मंग दार उघडायची आन म्हनायची, घावला! तवर भाइर यायचा न्हाय. कुटं लिवलंय हे?"

"फोटोच्या मागं."

"कुनी?"

"त्याच्या आईनं," मी म्हणालो.

मग मी पत्र वाचलं. भाषा कळल्यावर डागाखालचंही लागायला लागलं. 'तीन दिवस तो हेच म्हणत होता. तुमच्या भाषेत म्हणत होता. मी ऐकून जसंच्या तसं लिहिलं आहे. तुम्हालाच ते कळेल. त्याला काय हवं होतं? मी त्याला सगळं दिलं, तरी तो हेच म्हणत राहिला. फोटोत डोळे उघडे करून घेतले आहेत, तुमच्या आठवणीत तो तसाच असावा म्हणून. याचा अर्थ काय? देवाखातर कळवा.'

जुळवून आणलेल्या वाक्यांतलं एकही मला म्हणावं लागलं नाही. म्हातारी रडली नाही. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली. मग म्हणाली, "म्या मुद्दाम उशीर करायची." एवढंच, दोनदा.

सून दूध घेऊन आली. तिला सगळं सांगितलं. मी तातार आणि चुवाश शोधत बसलो होतो हेही सांगितलं. "काखेत कळसा आन गावाला वळसा, काका," ती म्हणाली, पण हसली नाही. चहा करून तिनं कप माझ्या हातात दिला आणि सासूच्या शेजारी टेकून बसली.

"हार आनायचा गं," म्हातारी तिला म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "ती बाय जित्ती आसंल?"

"कोण जाणे. पत्ता आहे."

"मंग लिव तिला. वाट बगत आसंल."

पिशवीत कागद होता. मी तिथंच लिहायला घेतलं. उशीर झाला, पत्र आज वाचलं गेलं, असं दोन ओळींत लिहिलं आणि म्हणालो, "आता लिहितो, तो म्हणत होता, दार उघड, मी इथं आहे."

"आसं न्हाय लिवायचं."

"मग कसं?"

"लिव, मला लई झोप आलीया, मांडीव घे, आसं म्हनत हुता."

मी पेन खाली ठेवलं. या बाबतीत माझं डोकं फार लवकर तापतं. "मावशी, तिनं विचारलंय तो काय म्हणाला. जे म्हणाला तेच लिहायचं असतं. यात आपल्या मनाचं घालत नाहीत."

"तुज्या बापानं घातलं का न्हाय?" म्हातारी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "फोटु काचंत बशिवताना त्येनं मागनं फुडनं बगितला. लई येळ बगितला. मंग माज्या तोंडाकडं बगितलं. म्या इचारलं, कसं दिसतंय वो माजं पोरगं? तर म्हनला, झ्याक हाय. चाळीस वर्सं मी त्येच्या येका शब्दाव काडली. आता त्येला शिव्या द्याव्या का त्येच्या पाया पडावं, मला ठरंना. पर ती आय हाय. तिला काय लिवनार तू? पोरगं दार उगड म्हनत हुतं आन दार तुज्या घरात न्हवतंच, आसं? मांडीव तर तिनं घ्येतलंच आसंल. कुटली आय घ्येत न्हाय? मंग तिला वाटंल, पोरानं मागितलं ते आपुन दिलं."

मी लिहिलं. 'त्याला झोप आली होती आणि मांडीवर घे म्हणत होता.' रशियनमध्ये ते फार सोपं वाक्य आहे. तिनं ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, एकही शब्द कळत नसताना मान हलवली, आणि आजच टाक म्हणाली. खाली माझा पत्ता घालून मी ते बारामतीच्या पोस्टात टाकलं.

थंडी सरता सरता उत्तर आलं. पाकिटावरचं नाव त्याच बाईचं होतं. ती त्याच घरात होती. अक्षर थरथरतं, बॉलपेनानं दाबून लिहिलेलं, कागदाच्या दोन्ही बाजू भरलेल्या. तिनं आभार मानले होते. मूल तीनही दिवस माझ्या मांडीवरच होतं, असं लिहिलं होतं. आणि पुढं लिहिलं होतं, 'तो सारखा दाराकडं बघायचा. बाहेर बर्फ होतं, वारा आत येत होता, म्हणून मी दाराला कडी घातली होती. तो दाराकडं हात करायचा आणि मी हात धरून पांघरुणात घालायची. तो दार उघड म्हणत असेल, ही शंका इतकी वर्षं मला खात होती. कितीदा मी उठून ते दार उघडून बसले आहे. आता माझं म्हातारपण नीट जाईल.'

ते पत्र घेऊन मी पुन्हा कळंबला गेलो. म्हातारीचे डोळे तोवर पुरते गेले होते. भिंतीवर फोटो होता, नवी चौकट, नवी काच, आणि हार असा आडवा घातलेला की मुलाचे डोळे झाकले जावेत. आत्याबाईंनीच तसा घालायला लावला, सून म्हणाली.

मी उंबऱ्यावर म्हातारीजवळ बसलो आणि वाचून दाखवलं. "आभार मानलेत तुमचे. तीन दिवस तो मांडीवरच होता म्हणते. आता म्हातारपण नीट जाईल म्हणते."

"फुडं?"

"संपलं."

तिनं हात पुढं केला. मी पत्र दिलं. तिनं ते गुडघ्यावर पसरलं आणि डाळ चाचपावी तशी बोटं फिरवली. बॉलपेनाच्या रेघा पाठीमागूनही हाताला लागत होत्या. एक बाजू झाली, तिनं कागद उलटला आणि दुसरी बाजू वरपासून खालपर्यंत चाचपली.

"येवडं लिवलंय," ती म्हणाली, "आन येवडंच?"

"रशियन अक्षर मोठं असतं, मावशी," मी म्हणालो.